सीतेचे निवेदन आणि वनाचे मौन

भवभूतीच्या 'उत्तररामचरित' नाटकाच्या पहिल्या अंकात राम, सीता आणि लक्ष्मण स्वतःच्याच आयुष्याची चित्रे पाहतात. राज्याभिषेक होऊन गेला आहे, वनवास आणि युद्ध मागे पडले आहे, आणि जे भोगले ते आता भिंतीवर रंगवून ठेवलेले आहे. सीता ऊर्मिलेच्या चित्राकडे बोट दाखवून ही कोण, असे मिस्कीलपणे विचारते आणि लक्ष्मण ओशाळून विषय बदलतो. शूर्पणखेचे चित्र समोर येताच मात्र ती घाबरते. रामाचे हे शेवटचेच दर्शन असे तिला वाटते. हे चित्र आहे, खरे नव्हे, असे सांगून रामाला तिची समजूत घालावी लागते. प्रेक्षकाला ठाऊक असते की तिचे भय खोटे नाही. याच अंकाच्या अखेरीस तिचा त्याग व्हायचा असतो, आणि ती चित्रे पाहून तिच्या मनात उपजलेली वनात पुन्हा जाण्याची इच्छाच त्या त्यागाला निमित्त म्हणून उपयोगी पडायची असते. विदर्भातील पद्मपूरच्या या आठव्या शतकातील कवीने रामकथा आणि चित्र यांचे नाते इतक्या खोलवर पाहिले होते. चित्रात कथा संपलेली दिसते आणि जी ती भोगते तिच्यासाठी मात्र ती संपलेली नसते.

संहिता अर्णी यांचे शब्द आणि मोयना चित्रकर यांची चित्रे असलेले 'सीताज् रामायण' हे इंग्रजी पुस्तक चेन्नईच्या तारा बुक्सने २०११ मध्ये प्रकाशित केले. त्याची वाल्मीकीशी तुलना करू जाता भवभूतीचे हे चित्रदर्शन आठवल्यावाचून राहत नाही. पुस्तकाचा प्रकार आज 'ग्राफिक नॉव्हेल' या नावाने ओळखला जातो. मराठीत 'कॉमिक्स' किंवा 'चित्रकथा' असे म्हणण्याची रीत आहे, आणि त्यातील दुसरा शब्द येथे अधिक चपखल बसतो. पिंगुळीचे ठाकर चित्रकथी पोथीतली सुटी पाने एकेक उचलून रामायण-महाभारताचे प्रसंग गात आले. बंगालचे पटुआ गुंडाळीचा लांब पट हळूहळू उलगडतात, चौकटीवर बोट ठेवतात आणि तिची कथा गातात. अनंत पै यांनी १९६७ मध्ये सुरू केलेल्या 'अमर चित्र कथा'ने नाव या परंपरेचे घेतले, पण रेखनाची घडण पुष्कळशी पाश्चात्त्य साहसकथांची ठेवली. पिळदार बाहूंचे नायक, नेटक्या चौकटी, आणि प्रसंगाचा वेगाने पुढे जाणारा सारांश हे तिचे विशेष होत. मोयना चित्रकर या मुळातच पटुआ परंपरेतल्या. येथे चित्रे आधी आणि शब्द नंतर, असा क्रम आहे. म्हणून हे पुस्तक 'अमर चित्र कथे'च्या वाटेने आलेले नाही. पटाच्या चौकटी सुट्या करून पुस्तकाच्या पानांवर मांडल्या आहेत, आणि त्यातून पुस्तकाचे बळ आणि त्याची अडचण दोन्ही निर्माण झाली आहेत.

कथेचा आरंभ वनात होतो. अयोध्येच्या राणीला वनात सोडून देण्यात आले आहे, ती गर्भवती आहे, रडते आहे. वन तिला विचारते, तू कोण, येथे कशी आलीस? उत्तरादाखल सीता आपली कथा सांगू लागते आणि सारे रामायण त्या उत्तरातून उलगडते. निवेदनाची ही युक्ती वरवर साधी वाटते. 'अमुकच्या दृष्टीतून रामायण' वा 'तमुकच्या तोंडून महाभारत' ही आधुनिक कथाकाराची हातखंडा रीत झाली आहे, आणि वाचक तिला सरावला आहे. परंतु येथे महत्त्वाचे आहे ते सीतेने बोलणे नव्हे, तर वनाने विचारणे.

वाल्मीकीच्या अरण्यात या प्रश्नाची दिशा नेमकी उलट आहे. रावण उचलून नेत असताना सीता जनस्थानातल्या फुललेल्या कर्णिकारांना, गोदावरीला, पर्वताला, वनदेवतांना आणि पशुपक्ष्यांना विनवते, रामाला सांगा. नंतर पर्णकुटी रिकामी पाहून वेडापिसा झालेला राम कदंबाला विचारतो, बिल्वाला विचारतो, अर्जुन, अशोक, ताल, जांभूळ, पुन्हा कर्णिकार, मग हरीण, हत्ती, वाघ. झाडे बोलत नाहीत. गोदावरी पाहूनही गप्प राहते. रावणाच्या भयाने तिचे तोंड उघडत नाही. अखेर हरणे तेवढी दक्षिणेकडे वळून दिशा दाखवतात. वाल्मीकीचे अरण्य हा असा मुका साक्षी आहे. माणसे त्याच्याकडे धाव घेतात, त्याला हाका मारतात, आणि ते आपल्या मौनाने त्यांच्या दुःखाला अधिक एकाकी करते. अरण्यकांडाचे काव्य म्हणून जे सामर्थ्य आहे त्यातला मोठा वाटा या मौनाचा आहे. फुलांनी लगडलेले वन आणि उत्तर न मिळणारा प्रश्न यांची ती शेजारशेजारची ठेवण पुढच्या संस्कृत कवींनी पुन्हापुन्हा उसनी घेतली, ती उगीच नव्हे.

उत्तरकांडातील सीतात्यागाच्या प्रसंगी तर ही ठेवण अधिकच टोकदार होते. (उत्तरकांड मूळच्या काव्यात नंतर जोडले गेले असे अनेक अभ्यासक मानतात, बडोद्याच्या प्राच्यविद्या मंदिराने १९६० ते १९७५ या काळात सिद्ध केलेल्या चिकित्सक आवृत्तीतही ते सातवे कांड म्हणून आहेच, आणि लोकमनातून तर ते कधी वेगळे काढता आलेले नाही.) गंगेच्या पैलतीरावर लक्ष्मण सीतेला रामाची आज्ञा सांगतो. ती मूर्च्छित होते, सावध होते, निरोप देते. उदरात रामाचा वंश नसता तर गंगेत देह टाकला असता असे म्हणते. नाव ऐलतीराला लागते. मोरांच्या केकांनी भरलेल्या त्या वनात ती मोठ्याने रडते. मुनिकुमार ऐकतात, धावत जाऊन वाल्मीकींना सांगतात, आणि ते येतात. म्हणजे मूळ कथेतही वनातली सीता कोणीतरी ऐकते, आणि ऐकणारा साक्षात कवी असतो. पण तो तिला काही विचारीत नाही. तू कोणाची कोण, का आलीस, तू निष्पाप आहेस, हे सारे आपल्याला समाधीत कळले आहे असे तो सांगतो. त्यात करुणा आहे, आश्रय आहे. फक्त प्रश्न नाही. सर्वज्ञ कवीला पात्राची जबानी घेण्याची गरज पडत नाही. चित्रपुस्तकाने नेमकी हीच जागा हेरली आहे. कवीच्या जागी त्याने वन ठेवले. वनाला काही ठाऊक नाही, म्हणून ते विचारते. आणि विचारले गेले म्हणून सीतेला सांगता येते. रामकथेच्या दीर्घ परंपरेत हा बदल लहान नाही.

असे असले तरी या पुस्तकाच्या कौतुकात जे एक वाक्य सहज येऊन जाते ते तपासून घ्यावे लागते. मूळ रामायणात मुकी असलेली सीता येथे बोलू लागली, असे ते वाक्य. वाल्मीकीची सीता मुकी कधीच नव्हती. अयोध्याकांडात राम तिला वनात नेण्यास नाकारतो तेव्हा आपल्या पित्याने पुरुषाच्या रूपातली स्त्री जावई म्हणून केली काय, असा घाव ती घालते. अरण्यकांडाच्या नवव्या सर्गात तर ती चक्क धर्मचर्चा करते. ऋषींच्या विनंतीवरून राक्षसवधाची प्रतिज्ञा केलेल्या रामाला ती विचारते की ज्यांनी आपले काही बिघडवले नाही त्यांना मारणे हा कोणता धर्म? इंद्राने ठेव म्हणून ठेवलेली तलवार जवळ बाळगता बाळगता क्रूर होत गेलेल्या तपस्व्याची गोष्ट ती सांगते. शस्त्राचा सहवासच माणसाला बदलतो, हा तिचा मुद्दा रामाला खोडून काढता येत नाही. तो फक्त आपण वचन दिले आहे असे उत्तर देतो. आणि लंकेत, रावणवधानंतर, भर सैन्यासमोर राम तिला नाकारतो तेव्हा सामान्य पुरुषाने सामान्य स्त्रीशी बोलावे तसे हे तुमचे बोलणे आहे, असे त्याला ऐकवून ती लक्ष्मणाला चिता रचायला सांगते.

ही सारी भाषणे रामाच्या तोंडावर केलेली आहेत, आणि तुलनेचा खरा पेच येथेच आहे. वाल्मीकीने सीतेला निवेदन दिले नाही, पण प्रतिपक्ष दिला. ती बोलते तेव्हा समोर कोणीतरी उभा असतो, ज्याला त्या बोलण्याचा घाव लागतो, ज्याला उत्तर द्यावे लागते आणि ज्याचे उत्तर अपुरे पडते. चित्रपुस्तकातील सीतेला सारी कथाच मिळाली, आणि ती ऐकायला झाडे मिळाली. ती रामाविषयी बोलते. रामाशी तिचे बोलणे त्या कथनातल्या आठवणीपुरते उरते. शूर्पणखेच्या नाक-कान कापण्याला ती अन्याय म्हणते, अन्यायातून अन्याय वाढतो असा निष्कर्ष काढते. निष्कर्ष योग्य आहे. तथापि तो ज्याने ऐकायला हवा तो ऐकायला हजर नाही. मूळ काव्यात हाच विचार तलवारीच्या गोष्टीच्या रूपाने प्रत्यक्ष कृतीच्या आधी, कृती करणाऱ्यालाच ऐकवलेला आहे. त्यामुळे त्यात वादाची धग आहे, आणि पुढे जे घडते त्यावर त्या न मानलेल्या सल्ल्याची छाया पडते. आधुनिक पुनर्कथनात तोच विचार शहाणपणाच्या रूपाने मागाहून येतो. बोलण्याचा अधिकार वाढला आणि बोलण्याची धार मात्र उणावली, असा काहीसा विचित्र हिशेब येथे लागतो.

युद्धाच्या भागात मात्र हे पुस्तक मुळाशी बरोबरीने उभे राहते. सीता अशोकवनात बंदी आहे. प्रथमपुरुषी निवेदनाच्या शिस्तीनुसार तिला रणांगण दिसणे शक्य नाही. ही अडचण त्रिजटेच्या द्वारे सोडवली आहे. त्रिजटा युद्धाची हकीकत सीतेला सांगते आणि ती वनाला. वाल्मीकीत त्रिजटा रामाच्या विजयाचे स्वप्न सांगणारी वृद्ध राक्षसी आहे, आणि नागपाशाने पडलेले राम-लक्ष्मण पाहण्यासाठी सीतेला पुष्पकात बसवून नेले जाते तेव्हा धीर देणारी सोबतीण आहे. म्हणजे बीज मुळातले आहे. त्याचा विस्तार नवा आहे. या विस्तारामुळे युद्ध लंकेच्या बाजूने, घरातल्या बायकांच्या बाजूने दिसू लागते. कोण कोणाला कोणत्या अस्त्राने मारतो यापेक्षा कोणाच्या घरी कोण परतले नाही, ही नोंद होते. जेत्यांची पत्नी होणे म्हणजे काय आणि पराभूतांची होणे म्हणजे काय, हा विचार सीता करते तेव्हा तिला वाल्मीकीचाच एक प्रसंग पाठबळ देत असतो. विजयाची वार्ता घेऊन आलेला हनुमान तिला छळणाऱ्या राक्षसिणींना मारण्याची परवानगी मागतो, ती नाकारते. त्या राजाच्या आज्ञेतल्या दासी होत्या, असे ती म्हणते, आणि अपराध्यालाही दया दाखवावी यासाठी वाघ आणि अस्वलाची गोष्ट सांगते. वाल्मीकीने एका सर्गात ठेवलेली ही दया अर्णी यांनी साऱ्या युद्धकथेची दृष्टी केली. पुनर्कथन कसे करावे याचा हा चांगला नमुना म्हणावा लागेल, कारण बाहेरची एखादी भूमिका मूळ कथेवर लादलेली नाही. मुळात एका कोपऱ्यात असलेला दिवा फक्त मध्यभागी आणला आहे.

चित्रांविषयी वेगळे बोलायला हवे. पटुआ शैलीत छायाप्रकाश नाही, दूर-जवळचा भास नाही. जाड काळ्या रेषेत बांधलेल्या आकृती, सपाट उजळ रंग, भोवती वेलबुट्टीची किनार, आणि टपोरे डोळे. या शैलीत दुःख चेहऱ्याच्या स्नायूंतून दाखवता येत नाही. ते डोळ्यांच्या आकारातून आणि देहाच्या झुकण्यातून दाखवावे लागते. आणि सगळ्यांचे डोळे तसेच असल्यामुळे राक्षस, वानर, राजा, झाड, पक्षी हे एकाच घरातले वाटतात. शब्दांनी कितीही सांगितले असते तरी लंकेतल्या बायका परक्या नाहीत हे इतके सहज पटले नसते. 'अमर चित्र कथे'त राक्षस आणि देव यांची शरीरे, रंग, चेहरे वेगळे ठेवूनच कथा पुढे सरकते, हे ज्यांनी लहानपणी ती वाचली त्यांना आठवेल.

शब्द पुष्कळदा या चित्रांच्या पुढे धावतात. डोळ्यांतून ओघळणारे पाणी समोर असता दुःखाचा अर्थ चौकटीत लिहून द्यावा लागत नाही. पटुआच्या गाण्यात पुनरुक्ती चालते, कारण ते गाणे असते, आणि त्याच्या चालीवर श्रोता रेंगाळतो; छापील गद्यात तीच पुनरुक्ती उपदेशाकडे झुकते. शिवाय एक रूपगत विसंगती आहे. पट दाखवताना गाणारा बाहेर उभा असतो आणि सीता चित्रात असते. पुस्तकात गाणाऱ्याची जागा सीतेने घेतली आहे, तरी चित्रात तीच आहे आणि बाहेरूनच पाहिलेली आहे. 'मी' म्हणणारा आवाज आणि 'ती' दाखवणारे चित्र शेजारी शेजारी चालतात. एखाद्या समीक्षकाला हा दोष वाटेल. परंतु पुस्तक पुन्हा चाळताना या फटीतूनच त्याचे मर्म दिसू लागते. सीता स्वतःची चित्रे दाखवीत आहे, बोट ठेवून सांगते आहे, हे पाहा, हे असे झाले. भवभूतीच्या नाटकात चित्रे दाखवणारा लक्ष्मण होता आणि सीता पाहणारी. येथे पट तिच्या हातात आला आहे.

तो तिच्या हाती येण्याला दीर्घ इतिहास आहे. आजच्या बांगलादेशातील मैमनसिंहची सोळाव्या शतकातील कवयित्री चंद्रावती हिने बंगालीत जे रामायण रचले त्यात युद्धाला जागा थोडी आणि सीतेच्या जन्मापासूनच्या दुःखांना अधिक आहे. तिच्या काव्यात कैकेयीची मुलगी कुकुआ सीतेला रावणाचे चित्र काढायला लावते आणि तेच चित्र पुरावा म्हणून रामापुढे नेते. सीतेने चित्र काढणे हाच गुन्हा ठरावा, हा लोककथेचा कल्पक आणि भीषण खेळ दक्षिणेतल्या स्त्रीगीतांतही आढळतो. 'सीताज् रामायण' याच बंगाली स्त्रीपरंपरेचा आधार घेते. त्यामुळे त्याला केवळ आजच्या स्त्रीवादी विचाराचे अपत्य म्हणणे अपुरे आहे; त्याची आजी सोळाव्या शतकातली आहे.

मराठी वाचकाला तर हे वन मुळीच अनोळखी वाटणार नाही. भवभूतीने तिसऱ्या अंकात जनस्थानाची वनदेवता वासंती रामासमोर उभी करून तिच्याकडून त्याला जाब विचारवला. अदृश्य सीता तो ऐकते आणि वासंतीच कठोर म्हणून कळवळते, हा त्या कवीचा खास पीळ. वाल्मीकीच्या मुक्या झाडांना वाचा फुटली ती प्रथम तेथे. तरी तेथेही प्रश्न रामाला आहे, सीतेला नाही. सीतेला विचारले ते जात्यावरच्या ओव्यांनी. त्या ओव्यांत वनात कोणी रडते आहे हे ऐकून बोरी-बाभळी बायका होऊन येतात आणि सीतेची समजूत घालतात. कदंब नाही, अशोक नाही, कर्णिकार नाही. काव्यात ज्यांना मान नाही अशी काटेरी झाडे. बांधावर वाढणारी, दळणारीच्या रोजच्या ओळखीची. तारा भवाळकर यांनी 'सीतायन' (२०२३) या ग्रंथात लोकपरंपरेतील सीतेचा जो मागोवा घेतला आहे, त्यानंतर मराठीत या विषयाकडे केवळ भाबड्या श्रद्धेचा आविष्कार म्हणून पाहणे कोणाला शक्य होऊ नये. दळणारी बाई सीतेची गोष्ट सांगत नव्हती. सीतेला गोष्ट सांगता यावी म्हणून कोणीतरी जवळ बसवीत होती. चेन्नईत छापलेल्या, बंगालच्या रंगांनी रंगलेल्या, इंग्रजीत लिहिलेल्या पुस्तकातले वन तेच करते. या दोन वनांची गाठ कधी पडली असेल असे मानण्याचे कारण नाही. सोडून दिलेल्या बाईशी प्रथम कोण बोलते, या प्रश्नाला दोन दूरच्या प्रदेशांनी एकच उत्तर दिले, इतकेच.

ओवी मात्र येथे पुस्तकाच्या पुढे आहे, हे नोंदवायला हवे. बोरी-बाभळींना सीतेकडून साद्यंत हकीकत नको असते. चित्रपुस्तकातले वन श्रोता होते आणि मग पुष्कळ पाने श्रोताच राहते. एकदा विचारून झाल्यावर त्याला फारसे काम उरत नाही. मधून मधून त्याने आणखी काही विचारले असते, अडवले असते, एखादे पान गळले असते, तर रामाच्या अनुपस्थितीने उणावलेली ती वादाची धग काही अंशी भरून निघाली असती.

शेवटाकडे येताना दोन्ही कृती पुन्हा एकमेकींपासून दूर जातात. उत्तरकांडात सीतात्यागानंतर रामाच्या यज्ञात तिच्या जागी तिची सोन्याची प्रतिमा बसते. मग कुश-लव रामायण गातात, सीतेला सभेत आणले जाते, आणि पुन्हा एकदा शुद्धीची शपथ घ्यायला सांगितले जाते. जिने अयोध्येत, अरण्यात आणि लंकेत सर्गच्या सर्ग वाद घातला तिला वाल्मीकी येथे जेमतेम तीन श्लोक देतो. ती रामाशी बोलत नाही. शपथ धरणीला उद्देशून आहे, आणि तिच्या उत्तरादाखल भूमी दुभंगते. राम मग संतापतो, सीतेला परत दे नाहीतर पर्वतांसह तुला नष्ट करीन असे पृथ्वीला धमकावतो, ब्रह्मदेव त्याला शांत करतो, यज्ञ पुढे चालू राहतात आणि सोन्याची सीता शेजारी बसत राहते. कांडाचे अजून बरेच सर्ग उरलेले असतात. चित्रपुस्तकाला भूमिप्रवेशानंतर फारसे काही सांगायचे उरत नाही. पटाची शेवटची चौकट आली की पटुआ गुंडाळी करू लागतो. रामाच्या संतापासाठी त्याच्याजवळ कापड शिल्लक नसते.